पोर्तुगीज पारपत्र स्वीकारण्यापूर्वी

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. तत्पूर्वी येथे जन्मलेल्यांना, तसेच विहित अटींवर त्यांच्या वंशजांना, पोर्तुगालच्या कायद्यानुसार तेथील नागरिकत्व मिळू शकते. ब्रिटनमधील नोकरीसाठी अनेकांनी हा मार्ग पत्करला. तथापि, १ जानेवारी २०२१ पासून नव्याने जाणाऱ्यांना केवळ पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये काम करता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र व्हिसा लागतो.

दुसरीकडे, नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ अन्वये स्वेच्छेने परकीय नागरिकत्व संपादन करणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर भारतीय पारपत्र परत करणे बंधनकारक असते. पुढे ओसीआय नोंदणी झाल्यास भारतात आजीवन ये-जा करता येते. परंतु मतदानाचा हक्क राहत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. सबब, अर्ज करण्यापूर्वी कुटुंबीयांनी या दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार करावा.