एका टॉर्पेडोने बुडालेली ‘ताइहो’

डेकवर जाड पोलादी चिलखत असलेली जपानची पहिली विमानवाहू नौका म्हणजे ‘ताइहो’. मार्च १९४४ मध्ये ती नौदलात दाखल झाली आणि १९ जून रोजी, फिलिपाइन समुद्रातील लढाईत बुडाली. ‘अल्बाकोर’ या अमेरिकी पाणबुडीचा एकच टॉर्पेडो तिला लागला होता.

खरा घात झाला तो आत. धक्क्याने इंधनाच्या टाक्यांना तडे गेले, पुढची लिफ्ट मध्येच अडकली आणि तिच्या खड्ड्यात पेट्रोल साचू लागले. विमाने उडवायची म्हणून खलाशांनी लिफ्टचे उघडे तोंड फळ्या-टेबले टाकून बंद केले. मग पेट्रोलची वाफ बाहेर काढण्यासाठी वायुवीजन सुरू केले, तर ती जहाजभर पसरली. सुमारे सहा तासांनी स्फोट झाला. शेकडो माणसे गेली. चिलखतापेक्षा हानी-नियंत्रणाचे प्रशिक्षण तोकडे पडले, असेच म्हणावे लागते.

त्याच दिवशी ‘शोकाकू’ ही विमानवाहू नौकाही बुडाली. पर्ल हार्बरवर चाल करून गेलेल्या सहा विमानवाहू नौकांपैकी आता एकटी ‘झुइकाकू’ उरली. तीही २५ ऑक्टोबर १९४४ रोजी बुडाली.