यंत्राची साक्ष : सर्व्हरच्या हार्ड डिस्कचे त्रुटि-संकेतांक



बँकेंतील आपलें खातें, आगगाडीचें आरक्षण, रुग्णालयांतील तपासणीचे अहवाल, हें सर्व आज सर्व्हर नांवाच्या संगणकांत नोंदलेलें असतें. आणि त्यांतील पुष्कळशी माहिती अद्यापि हार्ड डिस्कवर सांठविलेली आहे. ही डिस्क बिघडूं लागली म्हणजे ती बहुधा कांहीं आंकडे पुढें करते. ते वाचावे कसे आणि वाचल्यावर करावें काय, एवढाच आजचा विषय आहे.

पहिली हार्ड डिस्क आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं जगापुढें आणली. तिच्यांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढ्या खटाटोपांत मावत होतीं सुमारें ५० लाख अक्षरें. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्यें त्याच्या लक्षावधि पट मजकूर मावतो. तत्त्व मात्र तेंच आहे. फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणा करावयाच्या व तिच्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म शीर्षानें त्या वाचावयाच्या. तबकडीवर सेक्टर नांवाचे लहान लहान कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्यांत मजकुराबरोबर त्याचा ताळाहि लिहिलेला असतो. ताळा जुळला नाहीं, तर डिस्क चूक सुधारूं पाहते, पुनः पुनः वाचते; आणि तेंहि साधलें नाहीं म्हणजे त्रुटि नोंदविते.

डिस्क स्वतःच ठेवीत असलेल्या या वहीला ‘स्मार्ट’ म्हणतात. तींतील चार रकाने ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. ५ क्रमांकाच्या रकान्यांत किती खराब कप्पे सोडून त्यांच्या जागीं राखीव कप्पे घेतले, तें असतें. १९७ मध्यें संशयित कप्पे असतात. त्यांवर नवा मजकूर लिहिला गेला म्हणजे ते बरे तरी ठरतात किंवा बाद तरी होतात. १९८ मध्यें डिस्कच्या स्वतःच्या तपासणींत वाचतां न आलेले कप्पे येतात. १९९ चा रकाना मात्र निराळ्या जातीचा आहे. डिस्क आणि संगणक यांच्यामधील वाटेवर ताळा चुकला, असें तो सांगतो. येथें दोष बहुधा केबलचा किंवा सैल जोडणीचा असतो. तो न ओळखतां डिस्कच बदलणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! केबल बदलल्यावरहि हा आंकडा शून्यावर येत नाहीं; तो वाढावयाचा थांबला कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.

वहींत ‘उत्तीर्ण’ असा शेरा असतो. जन्मभर शेरे मारणारा मास्तर म्हणून सांगतों, शेऱ्यावर भिस्त ठेवूं नये, गुणपत्रक वाचावें. संशयित कप्पे दिवसेंदिवस वाढत असतांनाहि हा शेरा तसाच राहूं शकतो.

मोठ्या सर्व्हरांतील सॅस जातीच्या डिस्का हेंच दुसऱ्या परिभाषेंत सांगतात. १ म्हणजे चूक झाली पण सावरली. ३ म्हणजे माध्यमाचा, बहुधा तबकडीच्या पृष्ठभागाचा, दोष. ४ म्हणजे यंत्रभागाचा दोष. १ हा अंक क्वचित् आला तर नोंद करून ठेवावा. ३ किंवा ४ आला तर मात्र दिरंगाई करूं नये.

आतां उपाय. पहिला नियम हा, कीं दुरुस्तीपूर्वीं प्रत घ्यावी. फाइलींची मांडणी दुरुस्त करणारीं साधनें डिस्कवर नवें लिहितात, आणि मरणोन्मुख डिस्कवर लिहिणें म्हणजे उरलेलेंहि गमावण्याचा धोका पत्करणें होय. बॅकअप असल्यास तो शाबूत आहे ना, हें उघडून पाहावें. नसल्यास वाचतां येईल तेवढें दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावें. दुसरा नियम असा, कीं डिस्क ओळखावी ती तिच्यावर छापलेल्या अनुक्रमांकावरून. कारण संगणकानें तिला दिलेलें नांव यंत्र पुनः सुरू केल्यावर बदलूं शकतें.

हा दुसरा नियम क्षुल्लक वाटेल. तो तसा नाहीं. एक डिस्क गेली तरी मजकूर राहावा म्हणून अनेक डिस्का एकत्र जोडतात. या पद्धतीस रेड म्हणतात. तिच्या रेड-५ या प्रकारांत एक डिस्क गेलेली असतां चुकून दुसरी चांगली डिस्क ओढून काढली, तर सर्व संच बंद पडतो. शिवाय नव्या डिस्कमध्यें मजकूर भरण्यासाठीं उरलेल्या सर्व डिस्का वाचाव्या लागतात, आणि महिनोन्‌महिने कोणी न वाचलेल्या कोपऱ्यांतील खराब कप्पा नेमका तेव्हांच उघडकीस येतो. म्हणून जाणते व्यवस्थापक सर्व डिस्का वेळोवेळीं आरंभापासून अखेरपर्यंत वाचून घेतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हेंहि ते विसरत नाहींत; चुकून पुसलेली फाइल तेथें साऱ्या संचांतूनच पुसली जाते.

गूगल कंपनीच्या संशोधकांनीं २००७ सालीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणींत पहिली त्रुटि आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याचा संभव, निर्दोष डिस्कच्या मानानें ३९ पट दिसून आला. परंतु ज्या चार नोंदी त्यांना सर्वांत सूचक वाटल्या, त्यांपैकीं एकहि नोंद बंद पडलेल्या डिस्कांपैकीं अर्ध्याहून अधिक डिस्कांच्या वहींत नव्हती!

तेव्हां आंकडा बोलला तर तो तत्काळ ऐकावा. पण तो बोलत नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. घरांतील छायाचित्रें आणि कागदपत्रें ज्या एकाच डिस्कवर आपण ठेविलीं असतील, तिलाहि हाच न्याय लागू आहे. तिची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं आजच करून ठेवावी.