मुलांसाठी मिडी कीबोर्ड निवडताना

घरात संगणक आहे, मुलाला गाण्यावाजविण्याची आवड आहे, तेव्हा संगणकाला जोडण्यासाठी एखादा कीबोर्ड घ्यावा, असा विचार हल्ली आपल्या अनेक कुटुंबांत होतो. विचार स्तुत्य आहे. परंतु कित्येकदा दोन-चार महिन्यांतच ते यंत्र कपाटावर जाऊन पडते आणि ‘याला संगीतात गोडीच नाही’ असा शेरा मुलाच्या माथी बसतो. वास्तविक दोष बहुधा मुलाचा नसून निवडीचा किंवा जोडणीचा असतो. म्हणून पालकांनी आणि आजीआजोबांनी काही गोष्टी आधीच समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट ही की, ज्याला मिडी कंट्रोलर म्हणतात त्या कीबोर्डाला स्वतःचा आवाज नसतो. पेटीत भात्याची हवा सुरांतून जाते आणि नाद उमटतो. हा कीबोर्ड मात्र संगणकाला केवळ निरोप धाडतो : कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली. तो जणू स्वरलिपी लिहून पाठवितो. तिचा नाद करण्याचे काम संगणकातील प्रणालीचे. ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड ही प्रणाली विनामूल्य मिळते. विंडोज आणि लिनक्ससाठी एलएमएमएस हीही विनामूल्य आहे. तेव्हा आरंभी प्रणालीवर पैसा घालण्याचे कारण नाही.

निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून मिडीचा करार झाला आणि १९८३ साली तो व्यवहारात आला. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांचा त्यात पुढाकार होता. त्याबद्दल २०१३ साली दोघांना टेक्निकल ग्रॅमी हा सन्मान मिळाला. हा करार आजही चालू आहे. त्यामुळे बाजारात जाण्यापूर्वी घरातला जुना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड एकदा उलटून पाहावा. मागे पाच छिद्रांचे गोल मिडी खाच किंवा यूएसबीचे चौकोनी खाच असेल, तर योग्य तारेने तोच संगणकाला जोडता येण्याचा संभव आहे. मग नवीन खरेदीची निकड उरत नाही.

खरेदी करावयाचीच झाली, तर पट्ट्यांची संख्या आधी ठरवावी. २५ पट्ट्यांत दोन सप्तके येतात, ४९ मध्ये चार आणि ६१ मध्ये पाच. पियानोला ८८ पट्ट्या असतात. आपल्या साडेतीन सप्तकांच्या पेटीला बहुधा ४२ पट्ट्या असतात. म्हणून पेटीच्या वळणाने शिकणाऱ्याला ४९ पुरतात. एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ हा या जातीचा साधा नमुना होय. दोन्ही हातांनी निरनिराळे वाजवावयाचे असेल, तर ६१ बरे. पियानोचे रीतसर शिक्षण सुरू असेल, तर मात्र ८८ जड पट्ट्यांचा, स्वतःचा आवाज असलेला डिजिटल पियानो घ्यावा. यूएसबीचे खाच असल्यास तोही संगणकाला जोडता येतो.

संख्येइतकेच महत्त्व पट्टीच्या आकाराला आहे. पूर्ण आकाराच्या पट्ट्यांत एक सप्तक सुमारे साडेसोळा सेंटिमीटर रुंद असते. अकाईच्या एमपीके मिनीसारख्या छोट्या यंत्रावर पट्ट्या अरुंद असतात. प्रवासात किंवा तालाचे ठोके भरण्यास ते सोयीचे आहे. पण ज्या बोटांना पुढे पेटी किंवा पियानोवर बसावयाचे आहे, त्यांना तेथे चुकीच्या अंतराची सवय लागते. पुष्कळ बटणे, दिवे आणि चकत्या पाहून भुलू नये. नवशिक्याला त्यांचा उपयोग फार उशिरा होतो, पट्ट्यांचा मात्र पहिल्या दिवसापासून.

पेटी वाजविणाऱ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावरील हात ठरवितो. मिडी कीबोर्डावर तो पट्टी खाली जाण्याच्या वेगावरून ठरतो आणि त्याला ० ते १२७ यांतील अंक मिळतो. म्हणून यंत्र हा वेग ओळखते ना, हे विचारून घ्यावे. आजोबांजवळ पेटी शिकलेल्या नातवाचे स्वर प्रारंभी ओबडधोबड उमटतील. तो बेसूरपणा नव्हे. बोटांना नवे काम शिकावयाचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता सर्वांत घातक दोषाकडे वळू. पट्टी दाबल्यावर नाद उशिरा आला, तर मूल लयीत असूनही लय चुकल्यासारखे ऐकू येते. संगणक सेकंदाला बहुधा ४४,१०० ध्वनिनमुने हाताळतो आणि ते गठ्ठ्यांनी पुढे पाठवितो. गठ्ठा ५१२ नमुन्यांचा असेल, तर त्यापुरता विलंब सुमारे १२ मिलिसेकंद होतो. १२८ चा केल्यास तो ३ वर येतो. प्रणालीच्या मांडणीत हा आकडा ‘बफर’ या नावाने सापडतो. विंडोजवर असिओ प्रकारचा ड्रायव्हर वापरावा. ब्लूटूथचे हेडफोन सरावाला देऊच नयेत. त्यांचा विलंब कित्येकदा एक दशांश सेकंदाहून अधिक असतो. द्रुत लयीत तेवढ्यात पुढचा स्वर येऊन ठेपतो. तारेचे हेडफोन स्वस्त असतात आणि येथे तेच श्रेष्ठ ठरतात.

दुकानात मुलाला बरोबर न्यावे. एकच पट्टी हळू आणि जोरात दाबून पाहावी, ती बाजूला डगमगते का हे तपासावे, आणि तार जोडताच वेगळा ड्रायव्हर न घालता संगणक यंत्राला ओळखतो का, हे विचारावे. लहान यंत्रांना बहुधा यूएसबीच्या तारेतूनच वीज मिळते. अशा यंत्राला वेगळ्या प्लगाची गरज नसल्यामुळे भारतातील नातलगांनी ते आणले, तरी अडचण येत नाही.

आणि घरी आणल्यावर मुलाचा हात अडला, तर त्याला नावे ठेवण्यापूर्वी पालकांनी स्वतः त्याच्या जागी बसावे, त्याचेच हेडफोन कानाला लावावे आणि सा रे ग म वाजवून पाहावे. बोट आणि नाद यांत अंतर जाणवले, तर आधी ते दूर करावे. मुलाची परीक्षा त्यानंतर घ्यावी.