आरशात दिसणारा कॅन्सर

दिवाळी सरली की दिल्लीत सगळ्यांचं लक्ष हवेच्या आकड्याकडे लागतं. गुरुग्रामपासून गाझियाबादपर्यंत कुठेही बसा. धूर, एअर प्युरिफायर आणि कॅन्सर हे तिन्ही विषय एका दमात निघतात. भीती खोटी नाही. दूषित हवेने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ सालीच दिलाय. पण भारतातल्या पुरुषांना सगळ्यात जास्त होणारा कॅन्सर फुफ्फुसाचा नाही, तोंडाचा आहे. २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षभरात कॅन्सरचे १४ लाखांवर नवे रुग्ण होते आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ४४ हजार ओठांच्या आणि तोंडाच्या कॅन्सरचे. यातलं बरंचसं दुखणं हवेतून येत नाही. ते पुडीतून येतं, आपल्याच हाताने.

चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की हा कॅन्सर लपत नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर पोटात खोल दडून बसतो, त्याला हुडकायला यंत्रं लागतात. हा आ केला की दिसतो. तरीही आपल्याकडे निम्म्याहून जास्त रुग्ण डॉक्टरसमोर येतात तेव्हा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोचलेला असतो.

तोंडाचा कॅन्सर डॉक्टर ‘हेड अँड नेक’ गटात धरतात, पण त्यात मेंदू धरत नाहीत. ओठ, गाल, हिरड्या, जीभ, टाळू, घसा, स्वरयंत्र, नाकामागच्या पोकळ्या, लाळग्रंथी एवढाच हा मुलूख. जागा वीतभर, पण श्वास, घास आणि शब्द या तिघांची वाट तिथूनच जाते. साधा चहाचा घोट घ्या: स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेवर झाकण पडतं, श्वास क्षणभर थांबतो आणि चहा मागच्या नळीत उतरतो. दिवसातून शेकडो वेळा हे घडतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. इथल्या शस्त्रक्रियेत गाठ नुसती काढून भागत नाही. ही सगळी वाहतूक पुन्हा सुरू करून द्यावी लागते.

पाश्चात्त्य देशांत हल्ली घशाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही नावाचा विषाणू मोठ्या प्रमाणात सापडतो. आपल्याकडे त्याचा वाटा बराच कमी. आपला खास कॅन्सर गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीतला, म्हणजे तंबाखूची चिमूट किंवा सुपारीचं खांड ठेवायची जी जागा, नेमका तिथला. रोग कुठे उगवणार हे माणूस स्वतःच ठरवतो, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता ही सुपारी जरा जवळून पाहू. तिच्यातलं अरेकोलिन तरतरी आणतं. चुना लावला की लाळ अल्कधर्मी होते आणि निकोटिन काय, अरेकोलिन काय, अस्तरातून झपाट्याने रक्तात शिरतं. आजोबांच्या पानाच्या डब्यात हे रसायनशास्त्र पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला होतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं. लायसिल ऑक्सिडेज नावाच्या एका विकराला काम करायला तांबं लागतं. कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधायचं हे त्याचं काम. जखम भरून येते, कातडी चिवट राहते ती त्याच्याच जोरावर. गालात तासन् तास सुपारी धरली की तिथल्या पेशी जादा कोलॅजन तयार करतात, विकर ते घट्ट बांधत सुटतं आणि जुनं कोलॅजन मोडणारी यंत्रणा मागे पडते. शरीर आपल्या परीने डागडुजीच करत असतं. थांबायचं कुठे, तेवढं त्याला उमगत नाही.

सुरुवातीला फक्त तिखट झोंबायला लागतं. मग गालाचं अस्तर पांढुरकं, ताठर होतं. आतून बोट फिरवलं तर सुतळीसारखे पट्टे हाताला लागतात. आ लहान होत जातो. दिल्लीत एक दिवस गोलगप्पा तोंडात मावेनासा होतो, तेव्हा माणसाच्या ध्यानात येतं. तपासायला आपलाच हात पुरे: तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर डॉक्टर गाठावा. या दुखण्याची पहिली नोंद १९५२ साली झाली ती पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांमध्ये. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन करून ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे आज रूढ असलेलं नाव दिलं. हे दुखणं झालेल्यांपैकी काहींना पुढे कॅन्सर होतो. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ ही पळवाट तर केव्हाच बंद झालीय; तंबाखूविना सुपारीही माणसात कॅन्सर घडवते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात छापला.

गुटख्यावर महाराष्ट्राने आणि दिल्लीने २०१२ साली बंदी घातली. त्यावर बाजाराने काढलेला तोडगा दिल्लीच्या कोणत्याही नाक्यावर दिसतो: पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी. दोन्ही फाडायच्या, एकीत दुसरी ओतायची, हलवायची. गुटखा गिऱ्हाइकानेच तयार केला, मग विकला कोणी?

महाराष्ट्राला हा आजार माहीत झाला तो एका चेहऱ्यामुळे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला. सुपारीच्या सवयीची किंमत आपण मोजली, हे त्यांनी नंतर जाहीर सभांत सांगितलंय. त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले आणि त्यांच्याच सांगण्यानुसार सकाळी नऊ ते दोन मंत्रालयात काम आणि अडीच वाजता अपोलो रुग्णालय, असा त्यांचा क्रम होता. किरणोपचाराच्या ३६ वेळा झाल्या. सहाच महिने हातात आहेत, महत्त्वाची कामं उरकून घ्या, असं एका डॉक्टरने त्यांना सुचवलं होतं. २०२४ च्या निवडणुकीत, वयाच्या ८३ व्या वर्षी, ते प्रचाराच्या सभा घेत होते.

पण छत्तीस वेळा का? एकदाच जोराचा मारा का करत नाहीत? किरण पेशीतल्या डीएनएचे तुकडे करतात. निरोगी पेशी रात्रीतून बरीच दुरुस्ती करून घेते. कॅन्सरच्या पेशीची दुरुस्तीची यंत्रणा बहुधा मोडकी असते. म्हणून रोज थोडा डोस, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. निरोगी पेशी दरवेळी थोडी सावरते, कॅन्सरची पेशी दरवेळी थोडी मागे पडते, आणि हा रोजचा फरक साचत जातो. किरण मिलिमीटरच्या हिशेबाने पडावे लागतात, म्हणून जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या चेहऱ्यावर दाबतात. तो काही मिनिटांत थंड होऊन नाक, हनुवटी, कपाळ यांचा हुबेहूब साचा बनतो. रोज तोच मुखवटा चढवून टेबलाला आवळला की मान हलत नाही. एम्सच्या आवारात लोक या उपचाराला ‘सिकाई’ म्हणतात, आपल्याकडे ‘शेक’. शब्द उबदार वाटला तरी तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं, लाळ आटते, चव जाते आणि वरणभातही घशाखाली उतरत नाही.

शस्त्रक्रियेतली करामत तर विश्वास बसू नये अशी. गाठ जबड्यात शिरली की हाड कापावं लागतं. बदली हाड येतं पायातून. पोटरीत दोन हाडं असतात. बाहेरचं बारीक हाड शरीराचा फारसा भार उचलत नाही, त्यामुळे घोट्याजवळचा आणि गुडघ्याजवळचा भाग ठेवून मधला तुकडा काढता येतो. तो त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणि वरच्या कातडीसकट काढतात, पाचरी कापून हनुवटीचा बाक देतात, पट्टीने बसवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची धमनी मानेतल्या धमनीला शिवतात. चिमटा सोडला की पायाच्या हाडात मानेचं रक्त खेळू लागतं. पुढचे दोन-तीन दिवस नर्स ठराविक वेळाने तोंडातल्या त्या कातडीचा रंग पाहते. शंका आली की सुई टोचून पाहतात. लालभडक थेंब आला तर जीव आहे, काळपट आला तर पुन्हा थिएटरमध्ये. गर्दीच्या रुग्णालयांत यापेक्षा झटपट होणारा, छातीचा स्नायू वर वळवून लावण्याचा मार्गही सर्रास वापरतात. कातडी मात्र आपलं मूळ विसरत नाही. छातीवर केस असलेल्या पुरुषाच्या गालात आतून केस उगवतात, आणि किरणोपचार झाले की बहुधा गळतात.

मानेचं कोडं सोडवलं ते मुंबईच्या टाटा मेमोरियलने. तोंडातली गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. तरीही मानेतल्या ग्रंथी काढाव्यात का, की वाट पाहावी? जगभरचे सर्जन यावर वर्षानुवर्षं वाद घालत होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे दोन गट पाडून छडा लावला. ५०० रुग्णांचे निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाले: ग्रंथी आधीच काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिली त्यांच्यातले ६७.५ टक्के.

आता तेच २०१५ साल राजकारणात पाहा. १६ फेब्रुवारीला महाराष्ट्राचे माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आर. आर. आबा, तोंडाच्या कॅन्सरने गेले. मार्चअखेरीस दिल्लीत तंबाखूच्या पाकिटांवरच्या सचित्र इशाऱ्यांचा विचार करणाऱ्या संसदीय समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारी पाहणी भारतात झालेलीच नाही, सगळ्या परदेशातल्या. ८५ टक्के जागा व्यापणारा इशारा अखेर १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. भारतीय पाहण्या तेव्हाही होत्या. केरळात तर सुमारे दोन लाख लोकांवर झालेला प्रयोग २००५ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन नुसते तोंड पाहत. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्याने ३४ टक्क्यांनी घटले.

हीच तपासणी आज सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आहे, आणि नोएडाच्या सेक्टर ३९ मधली राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था ती डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना शिकवते. घरी करायला उजेड आणि आरसा पुरतो. ओठ उलटून पाहायचा, मग दोन्ही गाल बोटाने बाजूला ताणून हिरडीलगतची खोबण. जिभेचं टोक स्वच्छ कापडात धरून आधी डावीकडे, मग उजवीकडे ओढायचं, कारण जिभेचा कॅन्सर बहुतेक वेळा कडेला असतो आणि कड एरवी दिसत नाही. शेवटी जीभ वर करून तिच्याखालची जमीन. पांढरा चट्टा, त्याहून वाईट म्हणजे मखमली लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, उगाच हलू लागलेला दात, मानेतली न दुखणारी गाठ, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरकडे जायचं. सुरुवातीला हा व्रण बहुधा दुखत नाही.