चित्रकथेची मालकी आणि मनोरंजन व्यवसाय : ‘स्कायबाउंड एंटरटेनमेंट’च्या संदर्भात

१. प्रस्तावना

चित्रकथा म्हणजे मुलांच्या करमणुकीचे स्वस्त नियतकालिक, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि संगणकीय खेळ यांनी चित्रकथांमधून कथाबीजे घेण्यास प्रारंभ केल्यानंतर मात्र या व्यवसायाचे अर्थकारण बदलले. छापील प्रतींच्या विक्रीपेक्षा रूपांतराचे हक्क अधिक मोलाचे ठरू लागले. या बदलातून अमेरिकेत एक संमिश्र स्वरूपाची व्यवसायसंस्था उदयास आली. चित्रकथा प्रकाशित करणे, तिच्या चित्रपट-मालिका निर्माण करणे आणि लेखक-चित्रकारांच्या हक्कांचे व्यवस्थापन पाहणे ही तिन्ही कार्ये ती एकत्र करते. लेखक रॉबर्ट कर्कमन आणि व्यवस्थापक-निर्माता डेव्हिड अल्पर्ट यांनी २०१० मध्ये स्थापन केलेली ‘स्कायबाउंड एंटरटेनमेंट’ हे तिचे ठळक उदाहरण होय. कलाकृतीची मालकी तिच्या कर्त्याकडे असावी, या तत्त्वाचे सामर्थ्य व मर्यादा या संस्थेच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकन चित्रकथेच्या इतिहासात मालकीचा प्रश्न प्रारंभापासूनच आढळतो. जेरी सीगल व जो शुस्टर या तरुणांनी १९३८ मध्ये ‘सुपरमॅन’ या पात्राचे हक्क अवघ्या १३० डॉलरना विकले. पुढील अनेक दशके या पात्रावर अफाट उत्पन्न मिळत राहिले. मात्र त्याच्या जनकांना नियमित वार्षिक वेतन आणि श्रेयनामावलीत स्थान मिळण्यासाठी १९७५ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील १९७६ च्या कॉपीराइट कायद्यानेही ‘मोबदल्यासाठी केलेले काम’ ही संकल्पना कायम राखली. तिच्यानुसार अशा कामाचा कर्ता म्हणून कायदा चित्रकाराऐवजी काम करवून घेणाऱ्या संस्थेलाच मान्यता देतो.

या व्यवस्थेविरुद्धच्या असंतोषातून १९९२ मध्ये सात नामवंत चित्रकारांनी ‘इमेज कॉमिक्स’ ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. तिचे सूत्र सरळ होते. प्रकाशनसंस्थेने प्रत्येक अंकामागे ठरावीक शुल्क घ्यावे. कथा, पात्रे आणि रूपांतराचे हक्क लेखक-चित्रकारांकडेच राहावेत. या सूत्राची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. मालकीबरोबर जोखीमही कर्त्याकडे येते. अंक विकला गेला नाही, तर त्याच्या श्रमाला मोल मिळत नाही.

३. ‘स्कायबाउंड’ची जडणघडण

कर्कमन यांच्या ‘इन्व्हिन्सिबल’ आणि ‘द वॉकिंग डेड’ या दोन्ही चित्रकथा २००३ मध्ये ‘इमेज’कडून प्रसिद्ध होऊ लागल्या. दुसऱ्या चित्रकथेची चित्रे पहिल्या सहा अंकांपर्यंत टोनी मूर यांची व त्यानंतर चार्ली अ‍ॅडलार्ड यांची होती. ती जुलै २०१९ मध्ये १९३ व्या अंकासह समाप्त झाली. २००८ मध्ये कर्कमन ‘इमेज’चे भागीदार झाले. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी ‘एएमसी’ या वाहिनीवर ‘द वॉकिंग डेड’ची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि ११ पर्वांनंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. मूळ हक्क प्रकाशकाकडे नसल्यामुळेच कर्कमन यांना या मालिकेत कार्यकारी निर्मात्याचे स्थान घेता आले. याच वर्षी ‘स्कायबाउंड’ची स्थापना झाली, हे लक्षणीय आहे.

अल्पर्ट हे ‘सर्कल ऑफ कन्फ्यूजन’ या व्यवस्थापन व निर्मिती संस्थेतून आले होते. हॉलिवूडमध्ये एजंट आणि व्यवस्थापक या भूमिका भिन्न मानल्या जातात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार कलावंताला काम मिळवून देण्यासाठी एजंटाला परवाना घ्यावा लागतो. व्यवस्थापकाला परवान्याची अट नाही. परंतु त्याचे कार्य सल्ला व मार्गदर्शन एवढ्यापुरते मर्यादित असणे अपेक्षित असते. त्याला निर्माता होण्यास मात्र आडकाठी नाही. त्यामुळे व्यवस्थापन व निर्मिती ही दोन्ही कार्ये एकाच संस्थेत येणे स्वाभाविक ठरले. ‘स्कायबाउंड’ने या रचनेला प्रकाशनाची जोड दिली. चित्रकथा ‘इमेज’च्या छत्राखाली स्वतंत्र मुद्रेने निघू लागल्या. ‘इन्व्हिन्सिबल’ची सचेतपट मालिका मार्च २०२१ पासून ‘अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ’वर आली. २०१८ मध्ये ‘टेलटेल गेम्स’ने बहुतांश कर्मचारी कमी केल्यानंतर ‘द वॉकिंग डेड’च्या अपूर्ण राहिलेल्या संगणकीय खेळाचे अखेरचे पर्वही ‘स्कायबाउंड’ने पूर्ण करवून घेतले. हक्क एका ठिकाणी असल्यास कलाकृती एका माध्यमातील अपयशातूनही कशी तरू शकते, हे यावरून दिसून येते.

४. तत्त्वाच्या मर्यादा

कर्त्याकडे मालकी, हे तत्त्व मांडताना ‘कर्ता’ एकवचनी गृहीत धरला जातो. चित्रकथा मात्र बहुधा लेखक व चित्रकार यांची संयुक्त निर्मिती असते. टोनी मूर यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये कर्कमन यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. २००५ मध्ये आपण हक्क सोपविले. परंतु त्याबदल्यात ठरलेला वाटा व हिशेब मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१२ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. दाव्याचे गुणदोष न्यायालयात ठरले नाहीत; तथापि प्रकाशकाची मक्तेदारी दूर झाली तरी सहकर्त्यांमधील वाटणीचा प्रश्न शिल्लक राहतो, ही बाब या प्रकरणाने अधोरेखित केली.

दुसरी मर्यादा वितरकाच्या संदर्भातील आहे. २०१७ मध्ये कर्कमन, अल्पर्ट व अन्य निर्मात्यांनी ‘एएमसी’विरुद्ध नफ्याच्या वाट्यासंबंधी दावा केला. मालिका निर्माण करणारी आणि दाखविणारी संस्था एकाच उद्योगसमूहातील असल्यामुळे मालिकेची किंमत कमी दाखविली गेली, असा त्यांचा आक्षेप होता. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने करारातील शब्दांच्या आधारे वाहिनीच्या बाजूने निर्णय दिला. तात्पर्य, हक्क हाती असूनही ‘नफा’ या शब्दाची करारातील व्याख्या निर्णायक ठरते.

तिसरी मर्यादा संस्थेच्या विस्तारातून उद्भवते. जून २०२३ पासून ‘स्कायबाउंड’ने ‘एनर्जॉन युनिव्हर्स’ ही कथामालिका सुरू केली. तीत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ व ‘जी. आय. जो’ या चित्रकथांचा समावेश असून त्यांतील मूळ पात्रांचे हक्क ‘हॅस्ब्रो’ या खेळणी कंपनीकडे आहेत. कर्त्याच्या मालकीतून मोठी झालेली संस्था येथे परक्या मालकीच्या पात्रांवर काम करवून घेणारी ठरते. यात बेकायदेशीर असे काही नाही. परंतु व्यवसाय वाढला की स्थिर उत्पन्नासाठी जुन्या पद्धतीकडे वळणे टाळता येत नाही, असे दिसते.

५. भारतीय कायद्याचा संदर्भ

हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता नाही. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली मुंबईत सुरू झालेली ‘अमर चित्र कथा’ २००७ मध्ये ‘एसीके मीडिया’ या कंपनीकडे गेली. जुन्या चित्रकथांचा संग्रह ही हस्तांतरणीय मालमत्ता असते, हे त्यावरून स्पष्ट होते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कर्ता हा प्रथम मालक असतो. परंतु नोकरीच्या करारांतर्गत केलेल्या कामाची मालकी, वेगळे काही ठरलेले नसल्यास, सामान्यतः मालकाकडे जाते. हक्क सोपविताना मुदत लिहिलेली नसेल, तर कलम १९ अन्वये ती पाच वर्षे मानली जाते.

२०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृती व संगीतकृतीच्या कर्त्यांना मानधनाचा असा हक्क दिला, की जो सामान्यतः त्यांना सोडूनही देता येत नाही. या तरतुदीच्या शब्दांत ‘कलात्मक कृती’चा उल्लेख नाही. परिणामी, चित्रकथेवरून चित्रपट निघाल्यास लेखकाला या संरक्षणाचा आधार घेता येईल. पात्राला चेहरा देणाऱ्या चित्रकाराला मात्र आपल्या करारावरच विसंबावे लागेल.

६. समारोप

‘स्कायबाउंड’च्या उदाहरणावरून असे म्हणता येते, की प्रकाशन, निर्मिती आणि व्यवस्थापन एकत्र आणणारी संस्था कर्त्याची सौदाशक्ती वाढविते; परंतु न्याय्य वाटणीची हमी ती आपोआप देत नाही. ती हमी सहकर्त्यांमधील आरंभीच्या लेखी करारात, नफ्याच्या स्पष्ट व्याख्येत आणि हिशेब तपासण्याच्या अधिकारात असते. उपयोजित कला, जनसंवाद व वाणिज्य या शाखांच्या अध्यापनात कथालेखन आणि रेखाटनाच्या कौशल्यांबरोबर करारवाचनाचाही समावेश होणे म्हणूनच आवश्यक ठरते. हक्क सोपविल्यानंतर मिळालेल्या कायदेशीर सल्ल्याने सुटणारे प्रश्न फार थोडे असतात.