मुतखड्याच्या ऑपरेशनला इतके सलाईन कशाला?

"डॉक्टर, ऑपरेशन तर दुर्बिणीतून झाले, मग सलाईनच्या एवढ्या बाटल्या कशाला लागल्या?" बिल हातात पडले की नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

मूत्रपिंडातला मोठा खडा काढताना पाठीतून साधारण एक सेंटिमीटरचे छिद्र पाडून दुर्बीण आत घालतात आणि खडा फोडतात. आत थोडे रक्त येते, खड्याचा चुरा होतो. सर्जनला स्वच्छ दिसावे व चुरा वाहून जावा, म्हणून सलाईनची धार सतत सोडावी लागते. मोठ्या खड्याला दहा लिटरहून अधिक सलाईनही लागू शकते.

यातले बहुतेक बाहेर येते. पण काही भाग उघड्या पडलेल्या शिरांतून रक्तात शिरतो. म्हणून येथे साधे निर्जंतुक पाणी चालत नाही. ते जास्त प्रमाणात रक्तात गेले तर तांबड्या पेशी फुटतात, सोडियम उतरते, मेंदूला सूज येते. रुग्ण बरळू लागतो, झटकेही येऊ शकतात. सलाईनमध्ये लिटरमागे 9 ग्रॅम मीठ असल्याने ते रक्ताशी जुळते.

मात्र सलाईनही प्रमाणातच बरे. जास्त शोषले गेल्यास हृदयावर भार पडतो, फुप्फुसात पाणी साचून धाप लागते. गार सलाईनने हुडहुडी भरते. म्हणून सलाईन कोमट ठेवतात, बाटली फार उंच टांगत नाहीत, आत किती गेले व बाहेर किती आले याकडे लक्ष ठेवतात. वेळ फार लांबली तर उरलेला खडा दुसऱ्या खेपेस काढतात. नातेवाईक यावर नाराज होतात. पण ही टाळाटाळ नव्हे, सावधगिरी आहे.

वाचकहो, आपणही एवढे करा. हृदयविकार, रक्तदाब, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्या. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन व लघवीचे कल्चर या तपासण्या निरर्थक खर्च समजू नका. ऑपरेशननंतर रुग्णाला धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला, सारख्या उलट्या झाल्या किंवा थंडी वाजून ताप आला, तर "भूल उतरली नसेल" म्हणून स्वस्थ बसू नका. ताबडतोब सिस्टरला बोलवा. वेळेवर कळले तर यातले बहुतेक सारे आटोक्यात आणता येते.