एअर लॉकर: आधी अंगणात, मग चिखलात

धार काय, देवास काय, पावसात आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत जीप रुतली की एक चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म! वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल इथे नडतं. पीथमपूरला कारखाना असलेल्या फोर्सच्या गुरखात ते लॉक करायला हाताने ओढायचे दांडे असतात. एअर लॉकरमध्ये बटण दाबलं की छोटा कॉम्प्रेसर हवा सोडतो, आतला पिस्टन सरकतो आणि दोन्ही चाकं बरोबरीने फिरतात.

पीथमपूरच्याच नॅट्रॅक्समध्ये गाड्या तपासायला ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे. लॉकर तपासायला मात्र सपाट अंगण पुरतं. पुढच्या चाकांना अडसर लावा, मागची दोन्ही चाकं उचलून भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर अजिबात नको. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा: दुसरं उलट फिरेल. आता लॉक लावा. चाक जरासं हलून अडलं, तर लॉक बसलं. कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर हवा गळतेय; जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.

लॉक चिखलात शिरण्याआधीच, गाडी थांबवून लावायचं. डांबरी रस्त्यावर येताच काढायचं, नाहीतर वळणावर गाडी सरळच जाऊ पाहते आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो.